अंतराचं इंजेक्शन घेतलं आणि अंगावरून जायचं थांबेचना: एका ऊसतोड बाईचं प्रकरण

नाव, गाव आणि ओळख पटेल असं बाकी सगळं बदललंय, लिहायच्या आधी तिला विचारलंय. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाया तपासते. अशा केसेस आमच्याकडे नव्या नाहीत, पण हिच्यात एकामागून एक इतके फाटे फुटले की सगळं सविस्तर मांडावं असं वाटलं.

पार्श्वभूमी

बाई २४ वर्षांची, आपण तिला कमल म्हणू. मराठवाड्यातला कोरडवाहू तालुका, दीड एकर जमीन, दसरा झाला की नवरा-बायको कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जातात, मुकादमाची उचल (आगाऊ मजुरी) पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते. लग्न सतराव्या वर्षी. दोन मुली, थोरली ४ वर्षांची आणि धाकटी, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा, ८ महिन्यांची, अंगावर पिणारी. सासूला नातू हवा त्यामुळे ऑपरेशनचा विषयच बंद. कमलला तिसरं मूल कधीच नको असं काही नव्हतं, पण दोन-तीन वर्षं तरी नको होतं, आणि पोटुशी असताना उसाच्या फडात जायचं तर अजिबातच नको, थोरलीच्या वेळी ती सातवा महिना लागेपर्यंत मोळ्या डोक्यावर वाहत होती.

जुलैच्या सुरुवातीला गावातल्या आशाताईंनी तिला उपकेंद्रात नेलं आणि तिथे तिला अंतराचं, म्हणजे मूल लांबवायच्या सुईचं, पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. पाळीचा तिसरा दिवस होता, बाळ ६ महिन्यांचं, बीपी नॉर्मल, म्हणजे द्यायची वेळ आणि निवड दोन्ही बरोबर. अंतरा म्हणजे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, १५० मिलिग्रॅम, दंडात किंवा कुल्ल्यावर स्नायूत खोल, दर तीन महिन्यांनी. सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून फुकट मिळतं. दूध पाजणाऱ्या बाईला बाळ ६ आठवड्यांचं झाल्यावर चालतं, रोज गोळी लक्षात ठेवायची भानगड नाही, घरात कुणाला दिसत नाही. कोयत्यावर जाणाऱ्या बाईसाठी याच्यापेक्षा सोयीचं साधन पटकन सुचत नाही, हे माझं आजही मत आहे.

तिला सांगितलं काय गेलं? "तीन महिने टेन्शन नाही." एवढंच. पाळी बदलेल, मधेच डाग लागतील, पुढे पाळी बंदही होऊ शकते, यातलं काहीच नाही. आशाताईंना मी नंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, "मॅडम, आधीच सांगितलं तर घेतच नाहीत ना कोणी." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय.

त्रास कसा सुरू झाला

जुलै संपता संपता डाग लागायला लागले. आधी तपकिरी, मग लाल, दोन दिवस बंद, परत चालू. दिवसाला एक कापड, कधी दोन, जास्त कधीच नाही. पोटात दुखत नव्हतं, गाठी नव्हत्या, वास नव्हता. मेडिकल भाषेत याला किरकोळ स्पॉटिंग म्हणून एका ओळीत मोकळं होता येतं, पण घरात ते किरकोळ नव्हतं. या घरात पाळीची शिवाशिव पाळतात. चार दिवस बाजूला बसायचं आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचं हा नियम, आता पाचवा दिवस उगवतच नाही म्हटल्यावर करायचं काय? स्वयंपाक कोणी करायचा, पाणी कोणी भरायचं, ८ महिन्यांचं लेकरू रात्री कोणाजवळ झोपणार? सासूबाई वाईट नाहीत हो, पण महिनाभर सगळं त्यांच्यावर पडल्यावर त्यांचाही तोल गेला, आणि "त्या सुईनं सगळं बिघडवलं" हे गल्लीभर झालं.

मग गौरी आल्या. ज्येष्ठा गौरी म्हणजे घरातल्या सुनेचं काम, आणि सून अंगावरून जातंय म्हणून कोपऱ्यात. नवऱ्याने मेडिकलवरून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या, नॉरएथिस्टेरोनच्या, लग्नकार्याला, पूजेला, वारीला सर्रास घेतात त्या. चिठ्ठी कोणी विचारली नाही. दोन दिवस कमी झालं, गौरी जेवल्या, आणि विसर्जनाच्या दिवशी परत सुरू. तिने आणखी गोळ्या खाल्ल्या, मळमळ वाढली, डाग तसेच.

त्यानंतर तालुक्यातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या, एक, गर्भाशय "थोडं मोठं", आणि दुसरी, आतलं अस्तर ३ मिलिमीटर. घरच्यांना सांगितलं गेलं की पिशवीला सूज आहे, आता गोळ्यांनी भागणार नाही, पिशवी काढून टाका नाहीतर पुढे कॅन्सर होईल. खर्च तीस-पस्तीस हजार. नवरा मुकादमाकडे आणखी उचल मागायला गेला. वय २४, हे परत एकदा सांगते.

हे वाचून कोणाला अतिशयोक्ती वाटत असेल तर बीडचं आठवा. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारने समिती नेमली, ८२ हजारांहून जास्त बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, बऱ्याचजणी चाळिशीच्या आतल्या. त्यातल्या प्रत्येकीचं कारण वेगळं असेल, पण "अंगावरून जातंय" इथून सुरू होऊन ऑपरेशनच्या टेबलापर्यंत जाणारा रस्ता आमच्याकडे फार छोटा आहे, आणि कमल त्या रस्त्यावर निम्म्याहून पुढे पोचली होती.

माझ्याकडे आली तेव्हा

पितृपक्ष चालू होता. सासू, नवरा, कमल आणि बाळ, चौघं. कमल बोलत नव्हती, सासूबाईच बोलल्या. "मॅडम, पिशवी सडली म्हणले ओ. काढायची का नाही तेवढं सांगा."

मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी सगळ्या तारखा लिहून काढल्या. पाळी कधीची, सुई कधीची, डाग कधीपासून, गोळ्या कधी आणि किती. हे कंटाळवाणं काम आहे पण निम्मं उत्तर इथेच मिळतं. सुईच्या आधी पाळी नियमित होती, चार दिवसांची. सुईनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू. संबंधानंतर रक्त येतं का, नाही. याच्या आधी कधी असं झालंय का, नाही.

तरी "इंजेक्शनमुळे होतंय, जाऊ दे" असं म्हणून पाठवता येत नाही. इंजेक्शन घेतलेल्या बाईलाही इन्फेक्शन, पॉलिप, फायब्रॉइड, गर्भपिशवीच्या तोंडाचा आजार आणि दिवस राहणं हे सगळं होऊ शकतंच. लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट केली, निगेटिव्ह. आतून तपासलं, तोंड स्वच्छ, हात लावल्यावर रक्त नाही, पांढरं जात नव्हतं, दाबल्यावर दुखत नव्हतं. बीपी ११०/७०. वजन ४३ किलो. हिमोग्लोबिन ९.४, हे मात्र वाईट. पण ते दीड-दोन महिन्यांच्या डागांनी झालेलं नाही, दोन बाळंतपणं, वर्षानुवर्षं अर्धपोटी काम, हे त्याच्या मागे आहे. डागांनी त्यात भर घातली एवढंच.

सोनोग्राफीतलं "थोडं मोठं गर्भाशय" म्हणजे दोन बाळंतपणं झालेल्या बाईचं साधारण असतं तसंच होतं, तिला लेकरू होऊन ८ महिने झालेले. सूज वगैरे काही नाही. आणि ज्या ओळीकडे कोणी बघितलंच नाही ती ओळ म्हणजे अस्तर ३ मिलिमीटर. सगळं कोडं तिथेच सुटत होतं.

अस्तरात नेमकं काय होतं

इथे जरा थांबते, कारण हे कळलं नाही तर पुढचे निर्णय कळणार नाहीत.

नेहमीच्या पाळीत अंडाशयातून इस्ट्रोजेन येतं, त्याने गर्भपिशवीचं अस्तर जाड होत जातं, बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन येतं, ते अस्तराची वाढ थांबवून त्याला गर्भ रुजायला तयार करतं, तोवर जाडी साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास गेलेली असते. गर्भ राहिला नाही की दोन्ही हार्मोन एकदम उतरतात, अस्तर सगळीकडून एकाच वेळी सुटतं, आणि नव्या इस्ट्रोजेनने खालून लगेच दुरुस्ती सुरू होते. म्हणून पाळीला सुरुवात असते आणि शेवट असतो.

अंतरात प्रोजेस्टेरॉनसारखं औषध तीन महिने सतत अंगात राहतं. बीज सुटणं बंद, तोंडावरचा चिकट स्राव घट्ट, आणि अंडाशय गप्प बसल्यामुळे इस्ट्रोजेनही कमी. मग अस्तर वाढायला काही कारणच उरत नाही, ते पातळ होत जातं. पातळ झालं तर रक्त कमी यायला पाहिजे ना? शेवटी तसंच होतं, पण मधला काळ त्रासाचा. पातळ अस्तराच्या वरच्या थरात बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती नाजूक होतात, भोवती त्यांना धरून ठेवणाऱ्या पेशी कमी पडतात, कुठेही जरा फुटली की तेवढ्या जागेतून रक्त येतं. आज इथे, परवा तिथे. एक जागा भरते तोवर दुसरी सुटते, आणि दुरुस्तीला लागणारं इस्ट्रोजेन पुरेसं नसल्यामुळे भरायलाही वेळ लागतो. हे सगळ्या पिशवीची पाळी नव्हेच, ठिकठिकाणच्या बारीक जखमा आहेत.

सासूबाईंना मी सारवणाचं उदाहरण दिलं. भिंतीला सारवणाचा थर चांगला जाड असला की धरून राहतो, फार पातळ हात फिरवला की सुकल्यावर इथे पोपडा उडतो तिथे पोपडा उडतो, म्हणून भिंत सडली असं कोणी म्हणत नाही. त्या म्हणाल्या, "मंग भिंत चांगलीये म्हणा की." चांगलीये.

आता या चित्रात गौरीच्या गोळ्या बसवून बघा. नॉरएथिस्टेरोन हेही प्रोजेस्टेरॉनच्याच घरातलं. जाड झालेलं अस्तर धरून ठेवायला ते चांगलं, म्हणून पाळी पुढे ढकलता येते. पण हिच्या अंगात त्याच जातीचं औषध आधीच भरपूर होतं आणि अस्तर धरून ठेवायला शिल्लकच नव्हतं. काहींना या गोळ्यांनी थोडंफार थांबतंही, हिला दोन दिवस थांबलं तसं, पण मूळ अडचणीवर त्याचा उपाय होत नाही. आणि पिशवी काढायचा सल्ला तर उलटंच बघून दिलेला, कॅन्सरची शंका घ्यायची ती अस्तर जाड झालं म्हणून, ते ३ मिलिमीटर आहे म्हणून नाही.

बाकी हार्मोनवाल्या साधनांचंही थोडं असंच असतं. माला-एनसारख्या मिश्र गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं म्हणून अस्तराला आधार मिळतो, तरी पहिले दोन-तीन महिने मधेच डाग लागतात, गोळी चुकली तर जास्त. हार्मोनवाली कॉपर टीसारखी कांडी बसवली तर पहिले तीन ते सहा महिने असेच डाग, मग पाळी अगदी कमी. छाया या गर्भनिरोधक गोळीत हार्मोन नाही, तिचं वेगळं, ती पाळी लांबवते. बायका मात्र सगळ्याला "गोळ्यांनी पाळी बिघडली" म्हणतात, आणि आपण कुठली गोळी हे विचारत नाही.

पुढे काय काय करता आलं असतं

पहिला पर्याय, काहीच औषध नाही, नुसतं समजावायचं आणि वाट बघायची. यात चूक काही नाही, बहुतेकींचं दुसऱ्या-तिसऱ्या डोसानंतर आपोआप कमी होतं, वर्षभर घेतलं तर जवळपास निम्म्या बायकांची पाळीच बंद होते. पण घरात दीड-दोन महिन्यांचं भांडण पेटलेलं, वर पिशवी काढायची तयारी झालेली. नुसत्या शब्दांवर हे घर थांबलं नसतं असं मला वाटलं.

दुसरा, साधं वेदनाशामक, मेफेनॅमिक किंवा आयब्युप्रोफेन, पाच-सात दिवस. अस्तरात रक्तस्राव वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात, ती याने कमी होतात. स्वस्त, दूध पाजताना चालतं, ॲसिडिटी सोडली तर धोका फारसा नाही. फायदा मात्र बऱ्याचदा तात्पुरता.

तिसरा, ट्रानेक्झामिक ॲसिड, रक्तस्राव कमी करणारं औषध. जोरात जात असेल, गाठी पडत असतील तर मी हाच आधी वापरते. हिचं जोरात नव्हतं.

चौथा, थोडे दिवस इस्ट्रोजेन द्यायचं, म्हणजे माला-एनच्या गोळ्या, म्हणजे पातळ अस्तर जरा भरून येतं आणि फुटक्या जागा बुजतात. अडचण अशी की ती दूध पाजत होती. बाळ ६ महिन्यांच्या आत असतं तर मी हा विचार सोडून दिला असता. ८ महिन्यांचं होतं, वरचं खायला लागलेलं, आता देता येतं, दूध थोडं कमी होऊ शकतं एवढं सांगून. अर्धशिशी नाही, बीपी नाही, पायात गुठळी झाल्याचा इतिहास नाही, विडी-सिगारेट नाही. मिश्री लावते, ती सोड म्हणून सांगितलं, त्यावर सासू-सुना दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

पाचवा, अंतरा सोडून दुसरं काहीतरी. कॉपर टी? हिमोग्लोबिन ९.४ असताना पाळीचं रक्त वाढवणारं साधन, आणि फडात ती पाळी सांभाळायची. नको. छाया? चांगली आहे, दूध पाजताना चालते, पण पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला एक, आणि कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) राहून पहाटे तीनला उठणारी बाई वार लक्षात ठेवेल का, हा प्रश्न मी तिलाच विचारला. ती पहिल्यांदा बोलली तेव्हा हे बोलली: "तिकडं वार कुठला मॅडम. खाडा पडला का तेवढं कळतं." एक दिवस काम चुकलं की पैसे कापतात, तो खाडा. निरोध? नवऱ्याने मान खाली घातली.

शिवाय एक गोष्ट सगळेच विसरतात, सुई दिलेली परत काढता येत नाही. अंतरा सोडायचं ठरवलं तरी आधीच्या डोसाचं औषध काही आठवडे अंगात राहणारच होतं, म्हणजे डाग लगेच थांबतील याची हमी त्यातही नव्हती. "सोडून दिलं की बरं वाटेल" हे सोडताना वाटतं तेवढं खरं नसतं.

काय ठरलं, काय केलं

पहिलं, पिशवीचं ऑपरेशन नाही. हे मी नवऱ्यासमोर, रिपोर्टवर बोट ठेवून, स्पष्ट सांगितलं, आणि शंका असेल तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्या म्हणून चिठ्ठी दिली. नॉरएथिस्टेरोन बंद. मेफेनॅमिक ५०० मिलिग्रॅम, जेवणानंतर, दिवसातून तीनदा, ५ दिवस. लोहाच्या गोळ्या, चहासोबत घ्यायच्या नाहीत असं बजावून. अंतरा पुढे घ्यायचं की नाही ते आज ठरवायचंच नाही, दुसऱ्या डोसाला अजून वेळ होता.

त्या ५ दिवसांत डाग जवळजवळ थांबले. थांबल्यावर चार दिवसांनी परत. ती यावेळी एकटी आली, बाळाला घेऊन, आणि तिचा प्रश्न वेगळाच होता: "घट बसायच्या आत सुकेल का तेवढं करा." नवरात्राची तिला सासूपेक्षा जास्त काळजी, गौरीला कोपऱ्यात बसल्याचं तिच्या मनाला लागलेलं.

इथे मी माला-एन दिली. पाकिटातल्या पांढऱ्या २१ गोळ्या, रोज एक, ब्राऊन गोळ्या लोहाच्या असतात त्या नंतर. आणि देतानाच तिला सांगितलं, आधी सांगायलाच पाहिजे अशी गोष्ट, की पांढऱ्या गोळ्या संपल्यावर दोन-चार दिवसांनी पाळीसारखं रक्त येईल, चार-पाच दिवस, ते यायचंच आहे, बिघडलं असं समजायचं नाही. वाढवलेलं अस्तर आधार काढल्यावर उतरतं, एवढाच त्याचा अर्थ. हे आधी न सांगता गोळ्या दिल्या असत्या तर ते रक्त बघून ती सरळ त्या खासगी दवाखान्यात परत गेली असती, याबद्दल मला शंका नाही.

आठवड्याच्या आत डाग बंद. नवरात्र कोरडं गेलं, गोळ्या दसऱ्यानंतर संपतील असा हिशोब आम्ही दोघींनी कॅलेंडरवर बोटं ठेवून केलेला होता. दुसऱ्या डोसाची तारीख नवरात्रातच येत होती. घ्यायचा का? मी म्हटलं, तू ठरव, आता काय होऊ शकतं ते तुला माहीत आहे. घरी जाऊन दोन दिवसांनी आली आणि घेतला. नवऱ्याला विचारलंस का म्हटलं तर म्हणाली, "त्यांनीच गाडीवर आणलं." सासूला सांगितलेलं नव्हतं. त्यात मी पडले नाही.

फडावरचा घोळ

दसऱ्यानंतर टोळी पश्चिम महाराष्ट्रात गेली. तिसरा डोस जानेवारीच्या सुरुवातीला, कारखान्याजवळच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळायला हवा, कार्ड तिच्याजवळ होतं. तिने गोळ्यांनंतरची ती चार-पाच दिवसांची पाळी रस्त्यात आणि कोपी बांधण्याच्या गडबडीत काढली, मग नोव्हेंबरात थोडे डाग, आणि डिसेंबरपासून काहीच नाही. फडात तिला याचा आनंदच झाला. उघड्यावर, पाचटात, पाणी नसताना पाळी काढणं म्हणजे काय हे ज्याने बघितलंय त्याला हा आनंद कळेल.

पण संक्रांतीच्या सुमारास ती तिथल्या दवाखान्यात गेली तर तिला परत पाठवलं, "पाळी आली की तिसऱ्या दिवशी या." आता पाळी बंद झालीये तीच या सुईमुळे, मग पाळी येणार कधी? ही चूक मी इतक्या ठिकाणी बघितलीय की ती वेगळी लिहायलाच हवी. पाळीच्या दिवसांची अट पहिल्या डोसाला असते. पुढचे डोस तारखेवर, पाळी असो नसो, तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत. त्याच्याही पलीकडे गेलं तर आधी दिवस नाहीत याची खात्री करून मग.

ती वाट बघत बसली. टोळीतल्या बाया म्हणायला लागल्या दिवस गेलेत, पोटात रक्त साठतंय, डोक्यात चढेल. नशिबाने तिने आशाताईंना फोन केला, आणि आशाताईंनी, ज्यांनी सुरुवातीला काहीच सांगितलं नव्हतं त्यांनीच, तिथल्या सिस्टरला फोनवर धरलं, टेस्ट करायला लावली, निगेटिव्ह आल्यावर डोस द्यायला लावला. तारीख उलटून तीन आठवडे होत आले होते. आणखी आठवडाभर गेला असता तर मुदतीबाहेर.

काय निष्पन्न झालं

एप्रिलमध्ये परत आली. हिमोग्लोबिन १०.८, अजून कमीच, पण वर गेलेलं. पाळी बंद. वजन दीड किलोने वाढलं, ते सुईमुळे की बाळ आता कमी पितंय म्हणून, सांगता येत नाही. पिशवी जागेवर. मुकादमाकडची जास्तीची उचल घ्यावी लागली नाही, नवऱ्याच्या दृष्टीने प्रकरणाचा निकाल हाच.

सासूबाईंची आता उलटी तक्रार: "आधी थांबत नव्हतं, आता येईनाच." साठलेलं रक्त जातं कुठे हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही, त्यांना कोणी उत्तर दिलं नव्हतं. अस्तर वाढतच नाही तर पडायला काय असणार, साठायला काही तयारच होत नाही, असं सांगितलं. पटलं की नाही माहीत नाही, पण चौथ्या डोसाच्या वेळी त्या बाळ धरून बाकावर बसल्या होत्या.

कमलच्या जावेनेही त्याच जुलैमध्ये अंतरा घेतलं होतं. डाग सुरू झाल्यावर तिने दुसरा डोस घेतलाच नाही, दुसरं कुठलं साधनही घेतलं नाही, ती तपासायलाही आली नाही. उन्हाळ्यात तिला दिवस राहिले, नको असताना. दोघींच्या अंगात झालेलं सारखंच होतं.

काय वेगळं व्हायला हवं होतं

सगळ्यात आधीची जागा म्हणजे उपकेंद्रातली ती पाच मिनिटं. "सांगितलं तर घेणार नाहीत" हे अर्धं खरं आहे, काहीजणी नाही घेणार. पण ज्या घेतील त्या दुसऱ्या डोसाला परत येतील. आता आमच्या भागात आशाताईंच्या बैठकीत मी एवढंच पाठ करून घेते: डाग लागतील, धोका नाही, पुढे पाळी बंद होऊ शकते, रक्त साठत नाही, जोरात गेलं किंवा चक्कर आली तर लगेच या. आणि हे सासूसमोर सांगायचं, तिची हरकत नसेल तर. शिवाशिव मानणाऱ्या घरात डाग किती दिवस लागतील हा आरोग्यापेक्षा मोठा प्रश्न असतो, तो बाजूला ठेवून समुपदेशन होत नाही.

सोनोग्राफी इतक्या लवकर लागायलाच नको होती. तपासणी, टेस्ट आणि तारखा एवढ्यात निदान होत होतं. पण काढलीच होती तर ती नीट वाचायला हवी होती.

माला-एन मुळात द्यायलाच हवी होती का, यावर माझ्या एका सहकारी डॉक्टरशी माझा वाद झाला. त्यांचं म्हणणं, डाग किरकोळ होते, दूध पाजणारी बाई, समजावून वाट बघायची. पुस्तकाप्रमाणे त्यांचं चुकत नाही, गोळ्या थांबवल्यावर बऱ्याचजणींना डाग परत येतात हेही खरं, हिला नोव्हेंबरात आलेच. मी दिल्या त्या घटस्थापनेसाठी आणि त्या तीस-पस्तीस हजारांच्या ऑपरेशनपासून तिला लांब ठेवण्यासाठी. परत तशीच केस आली तर परत देईन, बाळ ६ महिन्यांच्या आतलं असेल तर नाही.

आणि कार्डावर पुढच्या डोसाची नुसती तारीख न लिहिता "पाळी नसली तरी द्यावे" असं मोठ्या अक्षरात लिहून द्यायचं, हे आम्ही या प्रकरणानंतर सुरू केलं. स्थलांतर करणाऱ्या बाईच्या हातात तोच एक कागद असतो.

चौथ्या डोसाच्या वेळी कमलने विचारलं की पुढे लेकरू पाहिजे झालं तर कधी थांबायचं. तिला सांगितलं की शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात, लगेच नाही राहिले तर घाबरायचं नाही, आणि दोन वर्षं सलग घेतलं की, हाडं थोडी विरळ होऊ शकतात म्हणून, एकदा बसून पुढचं ठरवू. तिने बोटांवर मोजलं, म्हणाली जुलैचा घेते, मग दसऱ्याला टोळी ठरल्यावर बघू.